बुरशी औषधास दाद देते काय? : प्रयोगशाळेतील परीक्षा व शेतकऱ्याची फवारणी

फळछाटणीनंतर थंडी पडू लागली, की द्राक्षबागेत भुरीचा उपद्रव सुरू होतो, हे नाशिक, सांगली व सोलापूर भागांतील बागाईतदारांस सांगावयास नको. रोग दिसताच औषध फवारावे, आठ दिवसांत गुण न आल्यास त्याचे प्रमाण वाढवून पुन्हा फवारावे, असा प्रघात अनेक ठिकाणी पडून गेला आहे. हा प्रघात कितपत योग्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

गेल्या हिवाळ्यात एका बागेस भेट देण्याचा प्रसंग आला असता तेथील बागाईतदाराने आपली फवारणीची वही मजपुढे ठेवली. पाच आठवड्यांत चार फवारण्या झाल्या होत्या. प्रत्येक वेळी बाटलीवरील नाव निराळे होते व शेवटच्या दोन वेळी औषधाचे प्रमाणही वाढविलेले होते. तरी घडांवर भुरी होतीच. “साहेब, औषधात भेसळ असेल काय?” असा त्याचा प्रश्न होता. बाटल्यांवरील बारीक अक्षरांतील मजकूर वाचून पाहता असे दिसून आले, की चारही नावांखालील सक्रिय घटक एकाच गटातील, म्हणजे ट्रायझोल गटातील होते. नाव चार वेळा बदलले होते. औषधाचा गट एकदाही बदललेला नव्हता.

अशा वेळी शक्यता अनेक असतात. औषध निकृष्ट असेल. फवारणीस उशीर झाला असेल. फवारा दाट पानोळ्यात पोचला नसेल. परंतु आणखी एक शक्यता असते व तिचा विचार सहसा केला जात नाही. ती म्हणजे, बुरशीच त्या औषधास दाद देईनाशी झाली असेल. यांपैकी खरे कारण कोणते, हे केवळ बागेत उभे राहून सांगता येत नाही. त्यासाठी बुरशी व औषध यांना प्रयोगशाळेत समोरासमोर आणून त्यांची परीक्षा घ्यावी लागते. विशेष हे, की हीच परीक्षा मोठ्या रुग्णालयांतून माणसाच्या फुप्फुसातील व डोळ्यातील बुरशीवरही केली जाते. आणि त्या परीक्षेच्या निकालाशी आपल्या शेतातील फवारणीचा संबंध येतो. तो कसा, हे समजून घेणे प्रत्येक शेतकरी कुटुंबाच्या हिताचे आहे.

औषध बुरशीवर कसे कार्य करते

बुरशी ही तंतूंच्या रूपाने वाढणारी सजीव सृष्टी आहे. तिच्या प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पटल असते आणि ते पटल मजबूत राहण्यासाठी अर्गोस्टेरॉल नावाचा स्निग्ध पदार्थ आवश्यक असतो. माणसाच्या पेशीत हा पदार्थ नसतो. त्या जागी कोलेस्टेरॉल असते. या फरकाचा लाभ घेऊन बुरशीनाशके तयार करण्यात आली आहेत. ट्रायझोल गटातील औषधे बुरशीच्या पेशीतील एका विकराला अडवितात व त्यामुळे अर्गोस्टेरॉल तयार होऊ शकत नाही. पटल दुबळे होते व बुरशीची वाढ खुंटते.

शेतीत वापरली जाणारी हेक्साकोनाझोल, प्रोपिकोनाझोल, टेब्युकोनाझोल व डायफेनोकोनाझोल ही याच गटातील होत. माणसांसाठी वापरली जाणारी इट्राकोनाझोल, वोरिकोनाझोल व पोसाकोनाझोल हीदेखील याच घराण्यातील आहेत. दोहोंचे लक्ष्य तोच विकर असतो. कुलपाच्या खाचेत थोडा फरक झाला, तर एकाच कारागिराने केलेल्या साऱ्या किल्ल्या निरुपयोगी ठरतात. तद्वतच या विकराच्या घडणीत अल्पसा बदल झाला, तर शेतातील व दवाखान्यातील अशी दोन्ही औषधे एकाच वेळी निष्प्रभ होऊ शकतात.

हा बदल औषधामुळे बुरशीला ‘सवय होऊन’ होतो, असे नाही. कोट्यवधी बीजाणूंमध्ये एखाद्याच्या आनुवंशिक रचनेत असा बदल आपोआप झालेला असतो. औषध फवारले असता इतर बीजाणू मरतात, हा मात्र वाचतो व मोकळ्या झालेल्या जागेत त्याचीच प्रजा वाढते. पिकातील तण काढताना एकाच जातीचे तण शिल्लक ठेवले, तर पुढल्या वर्षी शेतभर तेच माजते. येथेही नेमके तेच घडते. हा अनुभव नवा नाही. बेनोमिल हे आंतरप्रवाही बुरशीनाशक १९६० च्या दशकाच्या अखेरीस वापरात आले आणि त्यानंतर अल्पावधीतच, १९६९ मध्ये, अमेरिकेत काकडीवर्गीय पिकांवरील भुरी त्यास दाद देत नसल्याची नोंद झाली.

शेतातील बुरशीची परीक्षा

कृषि महाविद्यालयांतून या कामासाठी सर्वांत अधिक रूढ असलेल्या पद्धतीस विषान्न पद्धती असे म्हणता येईल. बटाट्याचा अर्क, साखर व अगर यांचे माध्यम तयार करून ते निर्जंतुक करतात व कोमट असताना त्यात ठराविक प्रमाणात औषध मिसळून काचेच्या उथळ थाळ्यांत ओततात. एका थाळीत औषध मुळीच घालीत नाहीत. प्रत्येक थाळीच्या मध्यभागी बुरशीच्या ताज्या वाढीची लहानशी चकती ठेवून थाळ्या योग्य तपमानात ठेवतात. औषधविरहित थाळी बुरशीने व्यापत आली, म्हणजे सर्व थाळ्यांतील वाढीचा व्यास मोजतात.

समजा, औषध नसलेल्या थाळीत वाढ ८० मिलिमीटर झाली व औषध असलेल्या थाळीत ती २० मिलिमीटरच झाली. दोहोंतील फरक ६० मिलिमीटर होय. ८० ला ६० तर १०० ला किती, या त्रैराशिकाने वाढीस ७५ टक्के आळा बसला असे निघते. निरनिराळ्या प्रमाणांत हा प्रयोग केला, म्हणजे वाढ निम्म्यावर आणण्यास औषधाचे किती प्रमाण पुरते, हे काढता येते. पूर्वी औषध न लागलेल्या ठिकाणच्या बुरशीस जेवढे प्रमाण पुरत होते, त्याच्या अनेक पट प्रमाण एखाद्या बागेतील बुरशीस लागू लागले, तर ती बुरशी औषधास दाद देण्याचे सोडीत आहे असे समजावे.

तथापि, सर्वच बुरश्या थाळीत वाढत नाहीत. भुरी व केवडा या रोगांना कारणीभूत होणारे जीव फक्त जिवंत पानावरच वाढतात. त्यांच्यासाठी निरोगी पानांच्या गोल चकत्या कापून त्यांवर निरनिराळ्या प्रमाणांत औषध देतात, नंतर त्यांवर रोगाचे बीजाणू सोडतात व सुमारे दहा ते चौदा दिवसांनी कोणत्या प्रमाणापर्यंत रोग वाढला, हे पाहतात. काम चिकाटीचे आहे व त्यास वेळही लागतो. परंतु उत्तर मिळते ते अंदाजाचे नसते.

रुग्णालयातील बुरशीची परीक्षा

माणसाच्या शरीरातील बुरशीची परीक्षा तत्त्वतः अशीच असली, तरी तिचे नियम अधिक काटेकोर आहेत. उदाहरणासाठी ॲस्परजिलस फ्युमिगेटस ही बुरशी घेऊ. उकिरड्यात, कंपोस्टच्या ढिगात व कुजणाऱ्या पाल्यात ती सर्वत्र असते. ५० अंश सेल्सियसपर्यंतची उष्णता ती सहन करते. त्यामुळे ढीग तापला असतानाही ती त्यात टिकून राहते. तिचे बीजाणू अवघे दोन ते तीन मायक्रॉन आकाराचे असून ते वाऱ्याबरोबर आपण सर्वच जण श्वासावाटे आत घेत असतो. सुदृढ माणसास त्यापासून सहसा अपाय होत नाही. परंतु कर्करोगाच्या उपचारामुळे किंवा अन्य कारणाने ज्याची प्रतिकारशक्ती क्षीण झाली आहे, अथवा जुन्या क्षयरोगामुळे ज्याच्या फुप्फुसात पोकळी राहिली आहे, अशा माणसाच्या फुप्फुसात ती ठाण मांडते व तेथे तिच्यावर ट्रायझोल औषधांनीच मुख्यतः उपचार केले जातात.

रुग्णाच्या नमुन्यातून बुरशी वेगळी काढून ती प्रथम शुद्ध स्वरूपात वाढवितात. तिच्यावर भरपूर बीजाणू आले, म्हणजे ते किंचित साबणासारखा पदार्थ घातलेल्या क्षारयुक्त पाण्यात उतरवून घेतात. तंतूंचे जड तुकडे तळाशी बसू देतात व वरचे बीजाणूयुक्त पाणी वापरतात. बीजाणूंची संख्या फार झाली तर औषध दुबळे भासते व फार कमी झाली तर ते उगीचच प्रभावी भासते. म्हणून पाण्याचा गढूळपणा प्रकाशमापक यंत्राने मोजून संख्या नियमित केली जाते. अमेरिकी मानक पद्धतीत दर मिलिलिटरात अंतिमतः सुमारे ४ हजार ते ५० हजार बीजाणू असावे लागतात.

आता तळहाताएवढी प्लॅस्टिकची एक तबकडी घेतात. तिच्यात आठ ओळी व बारा रकाने मिळून ९६ लहान खळगे असतात. पहिल्या खळग्यात दर लिटरला १६ मिलिग्रॅम या प्रमाणात औषध असते, दुसऱ्यात त्याच्या निम्मे, म्हणजे ८, तिसऱ्यात ४, आणि याप्रमाणे २, १, ०.५, ०.२५, ०.१२, ०.०६ असे निम्मे करीत दहाव्या खळग्यात ते ०.०३ मिलिग्रॅमवर येते. अकराव्या खळग्यात औषध नसते, फक्त बुरशी असते. ती नीट वाढली तरच प्रयोग ग्राह्य धरावयाचा. बाराव्यात बुरशीही नसते; तेथे काही वाढले तर माध्यमच दूषित आहे असे समजावयाचे. तबकडी ३५ अंश सेल्सियस तपमानात ठेवून सुमारे ४८ तासांनी पाहिली जाते. ज्या सर्वांत कमी प्रमाणात डोळ्यांना कोणतीही वाढ दिसत नाही, ते त्या औषधाचे न्यूनतम रोधक प्रमाण होय.

प्रत्येक वेळी ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे, असा एक प्रमाणित वाणही सोबत तपासला जातो. सोनार जसा कसोटीच्या दगडावर आधी माहितीचे सोने घासून पाहतो, तसाच हा प्रकार आहे. माहितीच्या वाणाचे उत्तर चुकले, तर त्या दिवशीच्या साऱ्या परीक्षा रद्द समजाव्या लागतात.

जेथे एवढी सामग्री नाही, तेथे चार कप्प्यांची साधी तबकडीही वापरतात. तीन कप्प्यांतील अगरमध्ये अनुक्रमे इट्राकोनाझोल, वोरिकोनाझोल व पोसाकोनाझोल ठराविक प्रमाणात मिसळलेले असते आणि चौथ्यात औषध नसते. केवळ चौथ्यातच बुरशी वाढली तर चिंता नाही. औषधाच्या कप्प्यातही ती वाढली, तर तो वाण पूर्ण परीक्षेसाठी मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठविला जातो.

आकड्याचा अर्थ

परीक्षेअंती हाती येतो तो एक आकडा. युरोपीय मानकाप्रमाणे ॲस्परजिलस फ्युमिगेटससाठी वोरिकोनाझोलचे न्यूनतम रोधक प्रमाण दर लिटरला १ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी असले, तर बुरशी औषधास दाद देते. त्याहून अधिक असले, तर देत नाही. अमेरिकी मानकाप्रमाणे ०.५ पर्यंत दाद देणारी, १ असता मधली व २ किंवा अधिक असता दाद न देणारी असे तीन वर्ग केले आहेत. दोन्ही पद्धतींत बीजाणूंची संख्या व माध्यम यांत फरक असल्यामुळे एका पद्धतीचा आकडा दुसऱ्या पद्धतीच्या मापाने मोजू नये.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवणे अवश्य आहे. पहिली ही, की एका खळग्याचा फरक हा अशा परीक्षेत संभवनीय असतो. एकदा १ व दुसऱ्यांदा २ असे उत्तर आले, तर लगेच बुरशी बदलली असे म्हणता येत नाही. परीक्षा पुन्हा करावी लागते. दुसरी ही, की परीक्षेपूर्वी बुरशीची जात ओळखली पाहिजे. २०२१ मध्ये कोविडच्या साथीत काळी बुरशी या नावाने ओळखल्या गेलेल्या म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रासह देशभर अनेकांना ग्रासले. त्या रोगाच्या बुरश्यांवर वोरिकोनाझोल मुळातच लागू पडत नाही; त्यांना अँफोटेरिसिन बी हे निराळ्या प्रकारचे औषध द्यावे लागते. दिसायला दोन्ही बुरश्याच, पण एकीचे औषध दुसरीस चालत नाही.

शेत हीदेखील एक तबकडीच आहे

आता शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळू. दर लिटरला १ मिलिग्रॅम म्हणजे १,००० लिटर पाण्यात एक ग्रॅम. याउलट, पाच टक्के तीव्रतेचे बुरशीनाशक आपण लिटरला एक मिलिलिटर या प्रमाणात घेतो, तेव्हा पंपातील पाण्यात सक्रिय घटक दर लिटरला सुमारे ५० मिलिग्रॅम इतका असतो. म्हणजे फवाऱ्यातील प्रमाण तबकडीतील पहिल्या खळग्याहूनही तिपटीने अधिक भरते.

परंतु फवारलेले सर्व औषध पानावर राहात नाही. काही भाग जमिनीवर पडतो, काही पावसाने व दवाने धुपतो, काही गळलेल्या पाल्याबरोबर उकिरड्यात जातो. तेथे त्याचे हळूहळू विघटन होते. आज ५० असलेले प्रमाण काही काळाने १० वर, पुढे १ वर, त्याहीपुढे अर्ध्यावर येते. तबकडीतील औषध जसे खळग्याखळग्याने निम्मे होत जाते, तसे जमिनीत व उकिरड्यात ते दिवसादिवसाने कमी होत जाते. जेथे औषध आहे, पण बुरशीस मारण्याइतके नाही, अशा ठिकाणी दाद न देणारा वाण निवडला जाण्यास उत्तम संधी मिळते. आपण ज्या भुरीसाठी फवारले ती तर या कसोटीतून जातेच; पण जिच्यासाठी फवारलेच नव्हते, ती उकिरड्यातील ॲस्परजिलसही त्याच कसोटीतून जाते.

हे केवळ तर्काने सांगितलेले नाही. नेदरलँड्स या देशात ट्युलिपसारख्या कंदफुलांची शेती फार मोठ्या प्रमाणावर होते व कंदांवर ट्रायझोल औषधे वापरली जातात. तेथे १९९८ पासूनच्या रुग्णांच्या नमुन्यांत ट्रायझोल औषधांस दाद न देणारी ॲस्परजिलस फ्युमिगेटस आढळली व त्याविषयीचे संशोधन २००७ व २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. यांतील अनेक वाणांत विकराच्या जनुकात एकाच ठराविक प्रकारचा बदल होता आणि ज्या रुग्णांनी हे औषध कधीही घेतलेले नव्हते, त्यांच्यातही असे वाण सापडले. पुढे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रोपिकोनाझोल, टेब्युकोनाझोल, डायफेनोकोनाझोल, इपॉक्सिकोनाझोल व ब्रोम्युकोनाझोल या पाच शेतीऔषधांची घडण रुग्णालयातील ट्रायझोलांशी विशेष जुळती असल्याचे दाखविण्यात आले. २०१९ मधील संशोधनात कंदफुलांच्या टाकाऊ मालाचे ढीग, हिरव्या कचऱ्याचे ढीग व लाकडाच्या कपच्यांचे ढीग ही अशा वाणांची मुख्य आगरे असल्याचे दिसून आले.

आपला देशही यास अपवाद नाही. २०१२ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माती व हवेच्या नमुन्यांतून ट्रायझोलांस दाद न देणारे ४४ वाण मिळाले. तपासलेल्या ॲस्परजिलस फ्युमिगेटस वाणांपैकी ते सुमारे ७ टक्के होते. चहाचे मळे, भाताची शेते व रुग्णालयाच्या बागेतील कुंड्या येथील मातीतही ते सापडले आणि त्यांच्यातील जनुकीय बदल नेदरलँड्समध्ये आढळलेलाच होता.

रुग्णाच्या दृष्टीने याचा अर्थ काय, हे नेदरलँड्समधील २०१९ च्या एका अभ्यासावरून कळते. फुप्फुसात बुरशी पसरलेल्या ज्या रुग्णांतील बुरशी वोरिकोनाझोलला दाद देणारी होती, त्यांच्यापैकी ४२ दिवसांत २८ टक्के दगावले. जेथे ती दाद न देणारी होती, तेथे हे प्रमाण ४९ टक्के होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये माणसास घातक अशा १९ बुरश्यांची यादी प्रथमच प्रसिद्ध केली, तीत ॲस्परजिलस फ्युमिगेटसला सर्वांत गंभीर अशा पहिल्या वर्गात स्थान दिलेले आहे.

याचा अर्थ ट्रायझोल औषधे शेतकऱ्यांनी टाकून द्यावीत, असा नव्हे. अनेक पिकांवरील रोगांत ती अत्यंत उपयुक्त आहेत. ती उपयुक्त राहावीत, म्हणूनच त्यांचा वापर जपून केला पाहिजे.

डोळ्याला लागलेली काडी

शेतकऱ्याचा बुरशीशी आणखी एका मार्गाने थेट संबंध येतो. उसाचे पाते, भाताची लोंबी, कडब्याची काडी डोळ्याला लागते. जखम लहान वाटते, पण काडीबरोबर बुरशीचे बीजाणू बुबुळावर जातात व दोनचार दिवसांत तेथे पांढरट डाग पडून डोळा लाल होतो, दुखतो व पाणी गळू लागते. आपल्या देशात अशा जखमांतून फ्युझेरियम व ॲस्परजिलस या बुरश्या विशेषेकरून सापडतात. वेळीच योग्य उपचार न झाल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते.

येथेही अंदाजाने औषध घालणे घातक ठरते. घरात उरलेल्या थेंबांत स्टिरॉइड असल्यास लाली तात्पुरती कमी होते. बुरशी मात्र आत जोमाने वाढते. डोळ्यांचे डॉक्टर बुबुळावरील खरवड घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात व ती वाढवून बुरशीची जात ठरवितात. अरविंद नेत्र रुग्णालयांत घेण्यात आलेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षणात ३२३ रुग्णांपैकी काहींना ५ टक्के नॅटामायसिनचे थेंब व काहींना १ टक्का वोरिकोनाझोलचे थेंब देण्यात आले. नॅटामायसिनचा गुण अधिक चांगला आला व फ्युझेरियमच्या बाबतीत हा फरक विशेष ठळक होता. नवे व महाग औषध ते प्रत्येक बुरशीवर अधिक चांगले, असे नसते, हा धडा यातून घ्यावयाचा आहे. द्राक्षाच्या भुरीलाही तोच लागू पडतो.

शेतकरी बंधूंनी काय करावे

१. बाटलीवरील व्यापारी नाव न पाहता सक्रिय घटकाचे नाव पाहावे. ज्यांच्या नावाच्या अखेरीस ‘कोनाझोल’ येते, ती बहुतेक ट्रायझोल गटातील असतात. लागोपाठच्या फवारण्यांत एकाच गटाचे औषध वापरू नये.

२. ज्या स्पर्शजन्य औषधांचा मारा बुरशीच्या अनेक क्रियांवर एकाच वेळी होतो, त्यांना ती सहजासहजी तोंड देऊ शकत नाही. भुरीवरील गंधक हे त्यांपैकी एक आहे. हवामान व पिकाची अवस्था पाहून अशा औषधांची पाळी मध्ये ठेवावी.

३. लेबलवर सांगितलेले प्रमाण कमीही करू नये व वाढवूही नये. कमी प्रमाणाने अर्धवट वाचलेली बुरशी मागे राहते. वाढीव प्रमाणाने खर्च व मालातील औषधाचा अंश वाढतो, पण दाद न देणारी बुरशी त्यानेही मरेलच असे नाही.

४. गुण न आल्यास आधी नोझल, फवाऱ्याचा दाब, फवारणीची वेळ व पानांचा दाटपणा तपासावा. त्यात दोष न आढळल्यास रोगट पानांचा ताजा नमुना कृषि विज्ञान केंद्र, कृषि विद्यापीठ किंवा द्राक्षाच्या बाबतीत पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यांच्याशी विचारविनिमय करून पाठवावा. नमुना कागदी पाकिटात ठेवावा; प्लॅस्टिकच्या पिशवीत तो घाम येऊन कुजतो. सोबत गाव, वाण, छाटणीची तारीख व तोपर्यंतच्या सर्व फवारण्यांची यादी अवश्य द्यावी. यादीवाचून परीक्षेचा निम्मा उपयोग वाया जातो.

५. उरलेले औषध किंवा पंप धुतलेले पाणी उकिरड्यावर, कंपोस्टच्या खड्ड्यात अथवा ओढ्यात ओतू नये. पाणी मोजून घेऊन लागेल तेवढेच औषध कालवावे, म्हणजे ते उरणारच नाही.

६. कंपोस्टचा ढीग उलटताना तो ओलसर करून घ्यावा, म्हणजे धूळ उडणार नाही. नाकातोंडास योग्य मुखपट्टी बांधावी. ज्यांना पूर्वी क्षयरोग होऊन गेला आहे किंवा ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे, त्यांनी हे काम करू नये.

७. डोळ्यास काडी-पाते लागल्यास स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा. पाल्याचा रस, दूध किंवा घरातील जुने थेंब घालू नयेत. दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे व जखम कशाने झाली हे त्यांना आवर्जून सांगावे.

उपसंहार

ज्या बागाईतदाराचा उल्लेख आरंभी केला, त्याच्या बागेत आम्ही प्रथम फवारणी यंत्र चालवून पाहिले. काही नोझल बुजलेली व काही झिजलेली निघाली. तेवढ्या बाजूच्या वेलींवर फवारा नीट पोचतच नव्हता. ती बदलण्यात आली. ट्रायझोलची फवारणी थांबवून गंधकाची पाळी घेतली गेली आणि यंत्राची नीट बाजू असूनही जेथे भुरी हटली नव्हती, तेथील पानांचा नमुना परीक्षेसाठी रवाना झाला. भुरीचा जोर पुढे ओसरला, तरी काही घडांवर डाग राहिलेच, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पाच आठवड्यांचे नुकसान एका फवारणीने भरून निघत नाही.

त्याच्या वहीत मात्र एक बदल झाला. औषधाचे नाव, प्रमाण व तारीख या तीन रकान्यांशेजारी त्याने चौथा रकाना आखला आहे व त्यावर ‘गट’ असे लिहिले आहे. हा रकाना आखण्यास पैसा लागत नाही. तो प्रत्येक शेतकऱ्याच्या वहीत असेल, तर आपल्या हाती असलेली औषधे अधिक काळ गुणकारी राहतील. आणि रुग्णालयात उपचार घेणाऱ्या आपल्याच एखाद्या आप्तेष्टासाठी जेव्हा ती ९६ खळग्यांची तबकडी उजेडात धरून पाहिली जाईल, तेव्हा तिच्यातील खळगे स्वच्छ दिसण्याची शक्यताही वाढेल.